ध्रुवीय समुद्र आणि व्यापारी मासेमारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंटार्क्टिका आणि आर्क्टिकच्या समुद्रांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इतक्या थंडीत आणि बर्फात मासेमारी तरी कशाची होते?

दक्षिणेकडे मुख्यतः क्रिल आणि टूथफिश या दोघांची. क्रिल हा कोळंबीसारखा दिसणारा, साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा जीव. तो अवाढव्य थव्यांनी राहतो, म्हणून जाळ्याने पकडायला सोपा. काही आधुनिक जहाजं तर जाळं वर ओढतच नाहीत. ते पाण्यातच राहतं आणि जाड नळीतून क्रिल सतत जहाजावर खेचलं जातं. टूथफिश हा खोल पाण्यातला मोठा मासा. तो हळू वाढतो, कित्येक दशकं जगतो आणि हजारो गळ लावलेल्या लांब दोऱ्यांनी पकडला जातो. महागड्या हॉटेलांत तो 'चिलियन सी बास' या नावाने वाढला जातो.

उत्तरेकडचं चित्र वेगळं आहे. बॅरेंट्स आणि बेरिंग समुद्रांत कॉड, हॅडॉक, पोलॉक आणि खेकडे यांची मासेमारी फार जुनी आणि फार मोठी आहे. तिथला आजचा वाद मासेमारी असावी की नसावी याचा नाही. बर्फ मागे हटल्याने उघडं पडलेलं नवं पाणी जाळ्यांसाठी मोकळं करायचं का, हा आहे (प्रश्न ११).

२. क्रिल माणसं खातात का? ते जातं कुठे?

थेट खाणारे थोडे. बहुतेक क्रिलची पूड होते आणि ती मत्स्यशेतीतल्या सॅमनसारख्या माशांचं खाद्य म्हणून वापरली जाते. क्रिलमधल्या अ‍ॅस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे सॅमनच्या मांसाला गुलाबी रंगही येतो. उरलेल्या भागातून तेल काढून ओमेगा-३ च्या कॅप्सूल बनतात. काही पाळीव प्राण्यांच्या खाद्यातही जातं. यातल्या एकाही वापराला पर्याय नाही असं नाही. ओमेगा-३ शैवालापासूनही मिळतं. पेंग्विनला मात्र पर्याय नाही.

३. क्रिल तर कोट्यवधी टन आहे. त्यातलं एखादा टक्का पकडलं तर बिघडतं कुठे?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि मासेमारी कंपन्यांचा मुख्य युक्तिवादही हाच. आकडा खोटा नाही. दक्षिण अटलांटिकच्या ज्या भागात क्रिलची मासेमारी चालते, त्याला 'क्षेत्र ४८' म्हणतात. तिथे २०१९ च्या सर्वेक्षणात सुमारे ६ कोटी २६ लाख टन क्रिल असल्याचा अंदाज आला. पकडण्याची मर्यादा आहे ६ लाख २० हजार टन. म्हणजे साधारण एक टक्का.

पण पेंग्विन संपूर्ण क्षेत्रातून खात नाही. घरट्यात पिल्लू असताना आई-बाप आळीपाळीने समुद्रात जातात आणि पोटात क्रिल भरून परत येतात. त्यांचा पल्ला काही डझन किलोमीटरचा. त्या पट्ट्यात त्या आठवड्यात क्रिल मिळालं तर पिल्लू जगतं. हजार किलोमीटर दूर थवेच्या थवे असले तरी त्याचा त्या पिल्लाला काही उपयोग नाही. आणि जहाजंही सगळीकडे फिरत नाहीत. थवा दाट असतो तिथेच ती गोळा होतात: अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळची ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनी, दक्षिण ऑर्कनी बेटांचा परिसर, दक्षिण जॉर्जिया बेटाभोवतीचं पाणी. नेमक्या याच जागा पेंग्विन, सील आणि व्हेल यांच्याही आहेत. द्वीपकल्पाजवळच्या पेंग्विनांच्या दीर्घकालीन नोंदींत असं दिसलं आहे की स्थानिक पातळीवर मासेमारीचं प्रमाण वाढलं की पेंग्विनांची पिल्लं वाढवण्यातली कामगिरी घसरते, एकूण टक्केवारी कितीही छोटी असली तरी.

म्हणून 'किती पकडलं' या प्रश्नाआधी 'कुठे आणि कधी पकडलं' हे विचारायला हवं. खालची बरीच उत्तरं या एका मुद्द्यापाशी येतात.

४. तिथले नियम कोण ठरवतं?

अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संवर्धनाचा आयोग. सगळे त्याला 'कॅमलार' म्हणतात. त्याचा करार १९८० मध्ये झाला आणि १९८२ मध्ये लागू झाला. मुख्यालय ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या होबार्ट शहरात आहे. २६ देश आणि युरोपीय संघ असे २७ सदस्य आहेत, आणि दर ऑक्टोबरमध्ये बैठक होते. जगातल्या महासागरांचा सुमारे एक दशांश भाग या आयोगाच्या अखत्यारीत येतो.

तो स्थापन होण्यामागे एक कडू अनुभव होता. १९६९-७० च्या हंगामात सोव्हिएत ताफ्याने दक्षिण जॉर्जियाभोवती मार्बल्ड रॉककॉड हा मासा सुमारे चार लाख टन पकडला. दोन-तीन वर्षांत तो जवळजवळ संपला आणि पुढची कित्येक दशकं सावरला नाही. मग ताफे क्रिलकडे वळले, तेव्हा शास्त्रज्ञ हादरले: अन्नसाखळीचा पायाच उचलला गेला तर वरचं सगळं कोसळेल. म्हणून या करारात त्या काळी नवीन असलेली एक अट घातली गेली. पकडल्या जाणाऱ्या जिवाचा विचार करून भागणार नाही, त्याच्यावर जगणाऱ्या जिवांचाही करावा लागेल. या मासेमारीला आळा घालण्याच्या मोहिमेतले लोक आयोगाला आजही याच कलमाची आठवण करून देतात. त्यांची मागणी नवीन कायद्याची नाही, लिहिलेला कायदा पाळण्याची आहे.

५. एवढे देश एकत्र आहेत, तरी संरक्षित क्षेत्रं का होत नाहीत?

कारण निर्णय एकमताने होतात. एका सदस्याने मान हलवली नाही की प्रस्ताव पुढच्या वर्षावर जातो. सदस्यांनी २०१२ पर्यंत संरक्षित क्षेत्रांचं जाळं उभं करण्याचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात २००९ मध्ये दक्षिण ऑर्कनीजवळचं सुमारे ९४ हजार चौरस किलोमीटरचं आणि २०१६ मध्ये रॉस समुद्राचं (प्रश्न ६), एवढी दोनच झाली. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प यांचे प्रस्ताव वर्षानुवर्षं टेबलावर आहेत. अलीकडच्या बैठकांत ते मुख्यतः चीन आणि रशिया यांनी अडवले आहेत. आणखी अभ्यास हवा, मासेमारीच्या हक्काचा विचार हवा, अशी कारणं दिली जातात. अभ्यासाची मागणी चुकीची नाही. पण प्रत्येक अभ्यासानंतर पुढच्या अभ्यासाची मागणी येत राहिली, तर तिला टाळाटाळच म्हणावं लागेल.

६. रॉस समुद्र तर वाचला ना? मग आता तिथे मासेमारी पूर्ण बंद आहे का?

पूर्ण बंद नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये करार झाला आणि १ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. संरक्षित क्षेत्र १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरचं आहे. त्यातल्या सुमारे ७२ टक्के भागात मासेमारीला बंदी आहे. उरलेल्या भागात संशोधनाशी जोडलेली मर्यादित टूथफिश आणि क्रिल मासेमारी करता येते, आणि सीमेबाहेर टूथफिशची व्यापारी मासेमारी चालूच आहे. तिची सुरुवात १९९६-९७ मध्ये न्यूझीलंडच्या जहाजाने केली होती. पुढे त्याच न्यूझीलंडने अमेरिकेबरोबर संरक्षणाचा प्रस्ताव मांडला, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरी मेख मुदतीची आहे. संरक्षण ३५ वर्षांचं आहे, म्हणजे २०५२ पर्यंत. कित्येक दशकं जगणाऱ्या माशासाठी ही मुदत एका आयुष्याइतकीही नाही. तरीही मी या कराराला मोठं यश मानतो. चीन आणि रशिया दोघांनीही त्यावर सही केली, त्यामुळे 'एकमत अशक्य आहे' या म्हणण्यात तथ्य नाही हे सिद्ध झालं. त्यामागे अंटार्क्टिक ओशन अलायन्ससारख्या संस्थांच्या आघाडीचं काम होतं, रॉस समुद्रात आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांचा आग्रह होता. जलतरणपटू लुईस प्यू यांनी २०१५ मध्ये त्या गोठणाऱ्या पाण्यात पोहून रशियन अधिकाऱ्यांशी बोलणी सुरू ठेवली होती.

७. २०२४ मध्ये क्रिलच्या नियमांचं नेमकं काय झालं?

६ लाख २० हजार टनांची मर्यादा एका जागी वापरली जाऊ नये म्हणून ती चार उपक्षेत्रांत वाटलेली होती. द्वीपकल्पाजवळच्या उपक्षेत्राला त्यातला जास्तीत जास्त चौथा हिस्सा, म्हणजे १ लाख ५५ हजार टन. ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत या वाटणीच्या नियमाला मुदतवाढ देण्यावर एकमत झालं नाही आणि तो संपला. एकूण मर्यादा राहिली, कुंपण गेलं.

परिणाम लगेच दिसला. २०२५ च्या हंगामात द्वीपकल्पाजवळचं प्रमाण जुन्या मर्यादेच्या बरंच वर गेलं. शिवाय एकूण मर्यादा इतिहासात पहिल्यांदाच गाठली गेली, म्हणून ऑगस्टमध्येच मासेमारी थांबवावी लागली. 'मर्यादा पाळली गेली, म्हणजे व्यवस्था चालते' असं काहीजण म्हणतात. प्रश्न ३ मधली पेंग्विनची बाजू पाहिली तर हा युक्तिवाद टिकत नाही.

८. मोहिमेतले लोक नेमकं काय करतात? जहाजांसमोर रबरी बोटी घालणं, एवढंच ना?

ते छायाचित्रांत दिसतं म्हणून लक्षात राहतं. बहुतेक काम बसून, वाचून आणि लिहून होतं. अंटार्क्टिक अँड सदर्न ओशन कोअलिशन ही संस्थांची आघाडी १९७८ पासून आहे. कॅमलारच्या बैठकीत तिला निरीक्षक म्हणून जागा आहे. मत देता येत नाही, पण निबंध मांडता येतात आणि बोलता येतं. बंद दाराआड काय अडलं आणि कोणी अडवलं हे बाहेरच्या जगाला समजण्यात या निरीक्षकांचा मोठा वाटा आहे.

समुद्रावर जाणारे वेगळे. ग्रीनपीसने १९८७ ते १९९२ या काळात अंटार्क्टिकात स्वतःचा वर्षभराचा तळ चालवला. तेव्हा मुद्दा खाणकामाचा होता, आणि १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराने तिथल्या खाणकामावर बंदी आली. सी शेफर्ड या सागरी संवर्धन संस्थेची जहाजं अलीकडे क्रिलच्या ताफ्याजवळ जाऊन व्हेलच्या कळपांतून फिरणाऱ्या ट्रॉलरचं, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या जहाजाचं, चित्रण करतात. या चित्रणाचा उपयोग बैठकीच्या टेबलावर होतो.

आणि तिसरा मार्ग खरेदीदारांचा. माझ्या मते सर्वांत कमी चर्चा याची होते आणि फळ मात्र लवकर मिळतं. उत्तर बॅरेंट्स समुद्रात, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ, बर्फ हटल्यावर ट्रॉलर पुढे सरकू लागले होते. ग्रीनपीसने कोणाचा कॉड कोणत्या दुकानात पोचतो याचा माग काढला. मे २०१६ मध्ये मॅकडोनाल्ड्स आणि टेस्कोसह अनेक मोठ्या खरेदीदारांनी आणि काही मासेमारी कंपन्यांनीही या नव्या पाण्यात विस्तार न करण्याचं मान्य केलं. त्यासाठी कोणत्याही देशाचं एकमत लागलं नाही.

९. थंडर नावाच्या जहाजाचा पाठलाग खरंच झाला होता का?

झाला. डिसेंबर २०१४ मध्ये सी शेफर्डच्या 'बॉब बार्कर' जहाजाला दक्षिण महासागरात बेकायदा मासेमारी करणारं थंडर सापडलं. त्याच्याविरुद्ध इंटरपोलची नोटीस आधीच निघालेली होती. टूथफिशसाठी ते गिलनेट वापरत होतं, म्हणजे तळाशी उभी सोडलेली जाळी. कॅमलारच्या क्षेत्रात ती निषिद्ध आहेत. पाठलाग ११० दिवस चालला, तीन महासागरांतून. दरम्यान 'सॅम सायमन' या दुसऱ्या जहाजाने थंडरने टाकून दिलेली किलोमीटरच्या किलोमीटर जाळी बाहेर काढली. मागे राहिलेलं जाळं वर्षानुवर्षं मारत राहतं, म्हणून हे काम पाठलागाइतकंच मोलाचं. ६ एप्रिल २०१५ रोजी थंडर पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमेच्या पाण्यात बुडालं. पुरावा नष्ट करायला ते मुद्दाम बुडवलं गेलं, असं पाठलाग करणाऱ्यांचं म्हणणं होतं. त्यावरच्या सर्व ४० जणांना पाठलाग करणाऱ्यांनीच वाचवलं. कॅप्टन आणि दोन अभियंत्यांना साओ टोमेच्या न्यायालयाने शिक्षा आणि दंड ठोठावला. अशाच टोळीतलं 'वायकिंग' जहाज इंडोनेशियाने पकडून मार्च २०१६ मध्ये स्फोटाने बुडवलं.

१०. या मोहिमांमुळे एखादा प्रश्न खरोखर सुटला आहे का?

अल्बाट्रॉसचा, कॅमलारच्या नियंत्रित क्षेत्रापुरता. गळ लावलेली दोरी पाण्यात सोडताना आमिष काही क्षण वर तरंगतं, पक्षी झेपावतो, गळात अडकतो आणि दोरीबरोबर बुडतो. १९९० च्या दशकात दरवर्षी हजारो समुद्रपक्षी असे मरत होते. उपाय अवघड निघाले नाहीत: दोऱ्या रात्री सोडायच्या, वजन लावून लवकर बुडवायच्या, जहाजामागे फडफडत्या पट्ट्या बांधायच्या आणि विणीच्या काळात हंगाम बंद ठेवायचा. परवानाधारक जहाजांवरचे मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. हेच पक्षी उत्तरेकडच्या, नियम ढिले असलेल्या पाण्यात गेले की अजूनही मरतात.

११. आर्क्टिकचा कॅमलार कोणता?

असा एक आयोग तिथे नाही. अंटार्क्टिका समुद्राने वेढलेला खंड आहे, आर्क्टिक देशांनी वेढलेला समुद्र. त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी त्या त्या देशाचं. मधोमध मात्र सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरचं, कोणाच्याही मालकीचं नसलेलं पाणी आहे. ते पूर्वी बर्फाखाली असायचं, आता उन्हाळ्यात त्याचा काही भाग उघडा पडतो. २०१२ मध्ये दोन हजारांहून जास्त शास्त्रज्ञांनी खुल्या पत्रातून मागणी केली की मासेमारी सुरू होण्याआधीच ती थांबवा. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रीनलंडमधल्या इलुलिसात इथे दहा पक्षांनी करारावर सही केली. त्यात रशिया, अमेरिका, चीन आणि युरोपीय संघही आहेत. २५ जून २०२१ पासून तो लागू आहे, सुरुवातीला १६ वर्षांसाठी. पुढे कोणी हरकत घेतली नाही तर पाच-पाच वर्षांनी आपोआप वाढेल.

ही घाई बेरिंग समुद्राने शिकवली. अमेरिका आणि रशिया यांच्या हद्दींमध्ये तिथे 'डोनट होल' नावाचा मोकळा तुकडा आहे. १९८० च्या दशकात परदेशी ताफ्यांनी तिथून अफाट पोलॉक उपसला. १९९३ पासून मासेमारी थांबवली, १९९४ मध्ये करार केला, पण मासा परत आलेला नाही.

१२. आर्क्टिकचे मूळ रहिवासी तर माशांवर आणि सीलवरच जगतात. त्यांनाही विरोध आहे का?

नसायला हवा, आणि आज जबाबदार संस्थांचा नाही. पण इतिहास स्वच्छ नाही. सीलच्या व्यापारी शिकारीविरुद्धच्या जुन्या मोहिमांनी कातड्यांचा बाजार कोसळला आणि त्याचा फटका इनुइट कुटुंबांना बसला. ग्रीनपीस कॅनडाने २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. प्रश्न ११ मधल्या कराराच्या वाटाघाटींत इनुइट प्रतिनिधी बसले होते, आणि त्यांच्या पारंपरिक ज्ञानाचा उल्लेख करारातच आहे. स्वतःच्या पोटासाठीची मासेमारी आणि कारखान्यासारखं चालणारं ट्रॉलर यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

१३. व्हेलची शिकार थांबली ना? मग व्हेल सुरक्षित आहेत असं धरायचं का?

शिकारीपासून, दक्षिण महासागरात तरी, हो. जपानची तिथली शिकार २०१९ पासून बंद आहे. द्वीपकल्पाजवळ हंपबॅक आणि फिन व्हेल परत दिसू लागले आहेत. पण ते क्रिल खायला येतात, आणि तिथेच जहाजं असतात. २०२१ आणि २०२२ मध्ये हंपबॅक व्हेल क्रिलच्या जाळ्यांत अडकून मेले.

१४. पाकिटावर 'शाश्वत' असं प्रमाणपत्र असेल तर क्रिलची उत्पादनं घ्यायला हरकत नाही ना?

प्रमाणपत्र खोटं नसतं, पण त्याने काय मोजलं ते पाहा. एका नॉर्वेजियन कंपनीच्या क्रिल मासेमारीला २०१० मध्ये पहिल्यांदा असं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हाच संवर्धन संस्थांनी आक्षेप घेतले होते. मुख्य आधार एकूण साठ्याचा असतो, आणि तो मुद्दा प्रश्न ३ मध्ये आला आहे. क्रिल कंपन्यांच्या संघटनेतल्या सदस्यांनी २०१८ मध्ये ग्रीनपीसच्या मोहिमेनंतर पेंग्विनांच्या वसाहतींजवळचे पट्टे विणीच्या हंगामात स्वेच्छेने सोडले. हे चांगलं पाऊल आहे. पण स्वेच्छेने दिलेलं स्वेच्छेने काढून घेता येतं, आणि संघटनेत नसलेल्या जहाजांना ते लागूच नाही.

१५. बर्फच वितळतोय. मासेमारी थांबवून काय साधणार?

क्रिलची पिल्लं हिवाळ्यात बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शैवालावर जगतात. बर्फ कमी झाला की पुढच्या वर्षीचं क्रिल कमी होतं. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटल्याने सम्राट पेंग्विनांच्या पाचपैकी चार वसाहतींत पिल्लं वाचली नाहीत. हे सगळं खरं आहे. म्हणूनच आधीच ताणलेल्या जिवांवरचा दुसरा ताण काढायला हवा. तापमान एका बैठकीत खाली येत नाही. जाळी कुठे टाकायची हे एका बैठकीत ठरू शकतं. आणखी एक: बर्फ कमी म्हणजे जहाजांना हंगाम मोठा. दोन्ही संकटं एकमेकांना धरून येतात.

१६. भारताचा यात काय संबंध?

भारत १९८६ पासून कॅमलारचा सदस्य आहे, म्हणजे प्रश्न ५ मधल्या एकमतात भारताचंही मत आहे. १९९५-९६ मध्ये 'सागर संपदा' हे जहाज क्रिलच्या अभ्यासासाठी तिथे गेलं होतं. २०२१ मध्ये भारताने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राच्या प्रस्तावांना पाठिंबा जाहीर केला.

१७. खुल्या समुद्राचा नवा करार आला आहे. आता त्याच्या जोरावर कॅमलारला बाजूला सारता येईल का?

नाही. २०२३ मध्ये संमत झालेला आणि जानेवारी २०२६ पासून लागू झालेला हा करार महत्त्वाचा आहे. पण आधीपासून असलेल्या संस्थांच्या अधिकाराला धक्का लावायचा नाही, असं त्यातच लिहिलं आहे. अंटार्क्टिकाचा मार्ग होबार्टवरूनच जातो.

१८. एकमताचा नियमच मोडून बहुमत आणलं तर?

मोह होतो, पण उलट बाजूही पाहा. २०२१ मध्ये रशियाने दक्षिण जॉर्जियाजवळच्या टूथफिशची मर्यादा ठरवण्यालाच नकार दिला. मर्यादा नसेल तर मासेमारी थांबावी, असं अनेकांचं मत होतं. त्या बेटावर ताबा असलेल्या ब्रिटनने मात्र स्वतःचे परवाने दिले, आणि अमेरिकेने तो मासा आयात करायला नकार दिला. संरक्षणाच्या बाजूचा म्हणवणारा देशही गरज पडली की वेगळा निघतो, हे यात दिसलं. शिवाय बहुमतात हरलेला देश करारातून बाहेर पडला तर त्याच्या जहाजांना कोणताच नियम उरत नाही. म्हणून बहुतेक संस्था एकमत ठेवूनच दबाव वाढवण्याच्या बाजूच्या आहेत, आणि मलाही ते पटतं.

१९. मी घरबसल्या काय करू शकतो?

क्रिल तेलाच्या कॅप्सूल घेत असाल तर शैवालाचं तेल घ्या. सॅमन घेत असाल तर विक्रेत्याला खाद्यात क्रिल आहे का ते विचारा. असे प्रश्न खरेदी विभागापर्यंत पोचतात. आणि तुमचा देश कॅमलारचा सदस्य असेल तर संबंधित मंत्रालयाला लिहा, द्वीपकल्पाच्या प्रस्तावाचं नाव घेऊन. बैठक ऑक्टोबरमध्ये असते आणि भूमिका त्याआधीच ठरते, म्हणून पत्र उन्हाळा संपण्यापूर्वी गेलेलं बरं.